अभियांत्रिकीची पदवी : काल व परिश्रम यांचे मोल

अभियांत्रिकीच्या पदवीसाठी खर्ची पडणारा काल व श्रम सार्थकी लागतात काय, ह्या प्रश्नाचा निर्णय पदवीधराच्या पहिल्या वेतनावरून करण्याचा प्रघात आहे. हे गमक अपुरे होय. पदवी नेमके काय देते आणि ते अन्य मार्गाने मिळते किंवा नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे.

१८५४ साली पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला, तो बांधकाम खात्यास दुय्यम दर्जाचे नोकर पुरविण्यासाठी. शिक्षण व नोकरी यांची सांगड अशी आरंभापासूनच पडली. पदवीधर थोडे होते तोवर ती टिकली. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावरील खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली आणि पदवीची दुर्मिळता ओसरू लागली. दुर्मिळतेमुळे आलेले मोल दुर्मिळतेबरोबरच जाते. उरते ते ज्ञानाचे मोल.

हे ज्ञान कोणते? ५ सेंटिमीटर जाड व २० सेंटिमीटर रुंद फळी सपाट टाकण्याऐवजी कडेवर उभी ठेवली असता अधिक भार पेलते, हे सुतार अनुभवाने जाणतो. ती चौपट भार पेलते आणि तोच भार असता तिचा बाक सोळाव्या हिश्शावर येतो, हे गणित सांगते. कारण फळीचे बल उंचीच्या वर्गाच्या व ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. नित्याच्या घरास सुताराचा अनुभव पुरतो. पूर्वी कोणी न बांधलेल्या पुलास मात्र अनुभवाचा आधार नसतो. तेथे गणितावाचून गत्यंतर नाही.

आता कालाचा विचार. दहावीनंतर पदविकेस तीन वर्षे लागतात. बारावीच्या मार्गाने पदवीस सहा. परंतु पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. म्हणजे त्याही मार्गाने एकूण वर्षे सहाच होतात, आणि मध्यावर चरितार्थाचे एक साधन हाती येते. ज्या घरास सहा वर्षांची शाश्वती नाही, त्यास हा भेद मोलाचा आहे. तथापि ह्या विद्यार्थ्यांची गणिताची पूर्वतयारी बहुधा तोकडी असते व ती उणीव त्यांस स्वकष्टाने भरून काढावी लागते.

पुण्याच्या त्याच संस्थेतून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली परीक्षा उत्तीर्ण झाले. पूर येताच आपोआप उघडणारे व पाणी उतरताच मिटणारे त्यांचे दरवाजे खडकवासल्याच्या धरणावर बसले ते १९०३ साली. त्यांच्या योगे धरणाची उंची न वाढविता साठा वाढला. शिक्षणाचे हे फळ वीस वर्षांनी दिसले. पहिल्या वेतनाच्या मापाने ते मोजता आले नसते.

सारांश, ज्यास नवी रचना करावयाची आहे व तिच्या सुरक्षिततेचे उत्तरदायित्व घ्यावयाचे आहे, त्यास पदवीचे परिश्रम अपरिहार्य आहेत. ज्याची ओढ यंत्र चालविण्याकडे व दुरुस्त करण्याकडे आहे, त्यास पदविका अधिक सरळ मार्ग होय. आणि ज्यास केवळ नावापुढे अक्षरे हवी आहेत, त्यास चार वर्षे हे फार मोठे मूल्य आहे.