ब्राम्सच्या कागदावर योआखिमची शाई

१८७८च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातल्या प्योर्टशाख या तळ्याकाठच्या गावातून संगीतकार योहानेस ब्राम्सने आपला व्हायोलिनवादक मित्र योझेफ योआखिम याला व्हायोलिनच्या स्वरलेखनाचे काही कागद पाठवले. नव्या कन्चर्टोचा, म्हणजे एकटा वादक आणि समोर अख्खा वाद्यवृंद अशा रचनेचा, तो पहिला भाग होता. सोबतच्या पत्रातली मागणी साधी होती : कुठे अवघड आहे, कुठे हात अडतो, कुठे वाजवणे अशक्यच आहे, तेवढे या कागदांवर लिहून दे.

ब्राम्स तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. दोन सिम्फनी वाजून झाल्या होत्या, युरोपभर नाव झाले होते. पण त्याची बोटे पियानोवर घडलेली. व्हायोलिनच्या चार तारांवर डावा हात कुठवर ताणला जाईल, एका तारेवरून पलीकडच्या तारेवर जाताना गजाला मधली तार कशी आडवी येते, हे पियानोपुढे बसून उमगत नाही. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते, त्याच्यापुढे त्याने कच्चा कागद ठेवला.

योआखिमने उत्तर दिले की बहुतेक सारे वाजवता येण्यासारखे आहे, काही जागा तर व्हायोलिनच्या अंगाने खरोखर नव्या आहेत. पण तापलेल्या सभागृहात हे सुखाने वाजेल का, ते पूर्ण लयीत वाजवून पाहिल्याखेरीज सांगणार नाही. हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. त्यात कौतुक आहे आणि ते नेमके आहे. शंकाही आहे, पण तिचा निकाल त्याने स्वतःच्या हातांवर सोपवला आहे.

या मोकळेपणामागे पंचवीस वर्षांची ओळख होती. १८५३ साली वीस वर्षांचा, कोणाला ठाऊक नसलेला ब्राम्स योआखिमला भेटला. योआखिम वयाने जेमतेम दोन वर्षांनी मोठा, पण बाराव्या वर्षीच लंडनमध्ये मेंडेल्सोनच्या संचालनाखाली बीथोव्हनचा कन्चर्टो वाजवून गाजलेला. त्याच्याच आग्रहामुळे ब्राम्स रॉबर्ट आणि क्लारा शुमान या संगीतकार दांपत्याच्या घरी पोचला आणि त्याचे आयुष्य पालटले. १८५६मध्ये दोघांनी एक करार केला. कॅनन, फ्यूग असे काउंटरपॉइंटचे, म्हणजे स्वतंत्र सुरावटी एकमेकींत गुंफण्याचे धडे लिहायचे, टपालाने एकमेकांना पाठवायचे आणि दुसऱ्याचे काम तपासून परत करायचे. जो चुकवेल त्याने एक थालर दंड भरायचा. समोरच्याने त्या पैशांतून पुस्तके घ्यायची. पुढे ब्राम्सचा पहिला पियानो कन्चर्टो जानेवारी १८५९मध्ये लाइपझिगला सपशेल पडला, श्रोत्यांनी हिसहिस करून नापसंती दाखवली. त्याची हकिगत ब्राम्सने काहीही न लपवता योआखिमलाच लिहिली. ज्याच्यापुढे अपयश उघडे करता येते, त्याच्याच हाती कच्चा कागद देता येतो.

व्हायोलिन कन्चर्टोवरची चर्चा महिनोन् महिने चालली. योआखिमने जागोजागी बदल सुचवले. ब्राम्सने काही घेतले, पुष्कळ नाकारले आणि आपले मूळचे स्वर ठेवले. शेवटच्या भागाच्या माथ्यावर आनंदी द्रुत लयीची जी सूचना आहे, तिला ‘पण फार चपळ नको’ अशी पुस्ती योआखिमच्या सांगण्यावरून जोडली गेली. एरवी ते वाजवणे कठीण, असे त्याचे म्हणणे. दुसरीकडे पहिल्या भागातला कॅडेन्झा, जिथे वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटाच वाजवतो, तो ब्राम्सने लिहिलाच नाही, योआखिमवर सोपवला.

१ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगच्या गेवांडहाउसमध्ये कन्चर्टो पहिल्यांदा झाला. ब्राम्स संचालनाला, व्हायोलिन योआखिमचे. ज्या जागा त्याने अवघड म्हटल्या होत्या, त्या हजार कानांपुढे त्यालाच वाजवायच्या होत्या. त्यानंतरही त्याने तो इंग्लंडमध्ये वाजवला, दुरुस्त्या चालूच राहिल्या आणि मग त्याच वर्षी तो छापला गेला. अर्पण अर्थातच योआखिमला. दोघांच्या हातच्या खुणा असलेले हस्तलिखित आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

मला वाटते, सहकलावंताच्या टीकेला वजन येते ते इथे. दोष दाखवणारा ती रचना पेलायलाही तयार हवा. आपल्याकडे मैफलीत दाद तोंडभर मिळते आणि उणे बोलले जाते ते परतीच्या गाडीत, ज्याच्याविषयी बोलायचे तो सोडून सगळ्यांपुढे. तबल्यावर साथ करणाऱ्याला गायकाची लय कुठे घसरली हे नेमके कळलेले असते. ते त्याने गायकाला सांगावे आणि पुढच्या बैठकीला पुन्हा त्याच्याच शेजारी बसावे, असे मला मनापासून वाटते.

योआखिमलाही हे दर वेळी जमले नाही. आन्तोनिन द्वोर्झाकने १८७९मध्ये त्याच्यासाठी व्हायोलिन कन्चर्टो लिहिला. योआखिमच्या सूचनांवरून त्याने तो जवळपास नव्याने लिहून काढला. मग योआखिमने दोनेक वर्षे तो ठेवून घेतला, आणखी बदल सुचवले आणि जाहीर कार्यक्रमात कधी वाजवला नाही. १८८३मध्ये प्रागला फ्रान्टिशेक ओन्द्रिचेकने तो पहिल्यांदा वाजवला. याच द्वोर्झाकची शिफारस ब्राम्सने पूर्वी आपल्या प्रकाशकाकडे, झिमरॉककडे केली होती; पुढे द्वोर्झाक अमेरिकेत असताना त्याच्या रचनांची मुद्रितेही ब्राम्सने तपासली. तेव्हा तो स्वतः साठीला आला होता.

ब्राम्स-योआखिम मैत्री तुटली ती संगीताबाहेरच्या कारणाने. पत्नी अमालीचे झिमरॉकशी संबंध आहेत असा योआखिमला संशय आला. ब्राम्सला तो खोटा वाटला आणि तसे त्याने अमालीला सविस्तर लिहिले. घटस्फोटाच्या खटल्यात ते पत्र न्यायालयासमोर आले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. योआखिमने बोलणे टाकले. ब्राम्सच्या रचना वाजवणे मात्र त्याने एका दिवसासाठीही सोडले नाही, असे म्हणावे इतक्या निष्ठेने तो त्या वाजवत राहिला.

१८८७च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या थुनला ब्राम्सने व्हायोलिन आणि चेलो अशा दोघांसाठी कन्चर्टो लिहिला आणि योआखिमला कळवले : नको असेल तर एका कार्डावर नकाराचा शब्द लिहून पाठव, पुढे काही विचारणार नाही. योआखिमने होकार दिला आणि व्हायोलिनच्या भागात सुधारणाही सुचवल्या. त्या ऑक्टोबरात कोलोनला तो आणि चेलोवादक रॉबर्ट हाउसमान यांनी ती रचना वाजवली. क्लारा शुमानने तिला समेटाची रचना म्हटले. मैत्री पूर्वीइतकी मोकळी झाली नाही, पण काम सुरू झाले. बर्लिनमधल्या योआखिमच्या क्वार्टेटच्या बैठका तंतुवाद्यांसाठीच राखलेल्या असत. डिसेंबर १८९१मध्ये त्याने तो नेम मोडला आणि म्यूलफेल्ड या क्लॅरिनेटवादकाला शेजारी बसवून ब्राम्सचे नवे क्विंटेट वाजवले.