सत्तर वर्षे एकटीवरच उपचार

योनीतले सूक्ष्मजीव म्हणजे घाण नव्हे, हे जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ मध्येच दाखवून दिले. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात रोगजंतूंचा जम बसत नाही. हे जिवाणू ओसरून ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंची गर्दी झाली, की पातळ करडा स्राव आणि माशासारखा वास सुरू होतो. त्याला आज बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. अकाली प्रसूती आणि एचआयव्हीचा संसर्ग यांचा धोकाही अशा स्त्रियांत जास्त आढळतो. या आजाराचा इतिहास चाळताना एक गोष्ट फार अस्वस्थ करते. तो दोघांचा असू शकतो, याच्या खुणा लवकरच मिळाल्या होत्या. तरी औषध एकटीलाच मिळत राहिले.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये गार्डनर आणि ड्यूक्स यांनी १९५५ मध्ये या आजाराशी एका जिवाणूचा संबंध जोडला. त्याला पुढे गार्डनरेला हे नाव मिळाले. रुग्ण स्त्रियांच्या पतींच्या मूत्रमार्गातही तो त्यांना सापडला होता. हा धागा मागे पडला, त्याला कारणे होती आणि ती नुसती पूर्वग्रहाची नव्हती. कसलीच तक्रार नसलेल्या स्त्रियांमध्येही तोच जिवाणू दिसू लागला. शिवाय १९८० आणि ९० च्या दशकांत जोडीदार पुरुषांना गोळ्या देऊन पाहिल्या, तरी स्त्रियांचा आजार उलटायचे थांबले नाही. त्यावरून पुरुषाला औषध देऊन उपयोग नाही, असा निष्कर्ष निघाला आणि उपचारांच्या नियमावलीत जाऊन बसला. पण त्या चाचण्यांत भर होता तो पोटात घ्यायच्या गोळ्यांवर. हे जिवाणू शिश्नाच्या त्वचेवरही राहतात आणि तिथून ते केवळ गोळीने हटत नसतील, ही शक्यता तपासायची राहून गेली. तोवर अर्ध्याहून अधिक स्त्रियांना वर्षाच्या आत तोच त्रास पुन्हा होत होता आणि पुन्हा तेच मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक लिहून दिले जात होते.

ही शक्यता ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १६४ जोडप्यांत तपासली. पुरुषांना सात दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि त्वचेवर लावायला क्लिंडामायसिनचे मलम दिले. बारा आठवड्यांत एकट्या स्त्रीवर उपचार झालेल्या गटात ६३ टक्के जणींचा आजार उलटला, दोघांवर उपचार झालेल्या गटात ३५ टक्के जणींचा. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही ३५ टक्के उरतातच, आणि ज्यांचा पुरुषाशी संबंध नाही अशा स्त्रियांनाही हा आजार होतो. म्हणजे जोडीदार हे एकमेव कारण नाही. ते मान्य करूनही जे कारण हाताळता येते ते सोडून देणे योग्य ठरत नाही.

आपल्याकडे याहून गंभीर आक्षेप आहे: नवऱ्याला औषध घ्यायला सांगितले, तर संशय बायकोवरच येईल. ही भीती खरी आहे, आणि मुळात बाई उपचारांपर्यंतच क्वचित पोहोचते. डॉक्टर राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि त्यासाठी पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. इतकी वर्षे दुखणे अंगावर काढणाऱ्या बाईवर नवऱ्याला समजावण्याचे ओझे टाकणे अन्यायाचे होईल. ते काम डॉक्टरचे आहे, आणि ते करताना बाहेरख्यालीपणाशी संबंध नसतानाही हे जिवाणू जोडप्यात फिरू शकतात, हे दोघांना समोर बसवून सांगायला हवे.

उलट टोकाची चूकही टाळायला हवी. अमेरिकेत २०११ मध्ये ३९६ निरोगी स्त्रियांच्या तपासणीत सुमारे एक चतुर्थांश जणींमध्ये लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व नव्हतेच. तक्रार नसताना ते रोगाचे लक्षण मानून योनी आतून धुण्याची उत्पादने बाईच्या गळ्यात मारली जातात. आतून धुण्याची सवय असलेल्या स्त्रियांमध्ये हा आजार अधिक आढळतो, हे मात्र त्या वेष्टनांवर छापलेले नसते.