शाफ्ट आखूड घ्यावा की लांब? होडीला इंजिन घेण्यापूर्वी

जुलै महिना आला की आमच्या रत्नागिरीत राजिवड्यापासून मिरकरवाड्यापर्यंत एकच धांदल असते. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी संपत आलेली असते. कुठे जाळी विणली जातात, कुठे होड्यांना रंग लागतो. ज्या घरांत छोटी फायबरची होडी आहे, तिथे याच दिवसांत इंजिन बदलण्याचा विषय निघतो. मिरकरवाड्याच्या मोठ्या बोटींचे इंजिन आत, पोटात असते. त्यांचा प्रश्न निराळा. आम्ही लिहीत आहोत ते मागच्या फळीला अडकवायच्या आउटबोर्ड इंजिनाबद्दल.

आम्ही पेशाने शिक्षक. जाळ्यापेक्षा खडूशी आमची ओळख जास्त. तरीही या विषयावर लिहायला बसलो, कारण आमच्याच घरात यावरून एक प्रसंग घडला. तो वाचून एखाद्या घराचा पैसा वाचला, एखाद्या मुलाचा जीव धोक्यात जायचा टळला, तर लिहिल्याचे सार्थक झाले असे समजू.

आमचे धाकटे भाऊ खाडीत आणि खाडीच्या तोंडाबाहेर जाळे टाकतात. जुने इंजिन थकले तेव्हा त्यांनी भिशीचे पैसे उचलले, भावजयीच्या दोन पाटल्या मोडल्या आणि एक सेकंडहँड इंजिन घेतले. विकणाऱ्याने सांगितले, "मशीन चांगले आहे, हलके आहे, कुठल्याही होडीला बसते." इंजिन खरोखरच चांगले होते. मात्र त्याचा शाफ्ट आखूड होता, आणि भावाच्या होडीची मागची फळी उंच. कोणी टेप लावून पाहिलेच नाही.

खाडीत दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे भाऊ आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा भाट्ये खाडीच्या तोंडातून बाहेर निघाले. तिथे वाळूचा पट्टा आहे, त्यावर लाट फुटते. लाटेवर होडीची पाठ उचलली गेली की पंखा पाण्याबाहेर यायचा, इंजिन किंचाळायचे आणि होडी मात्र जागची हलायची नाही. चार-पाच वेळा असे झाले आणि इंजिन तापून बंद पडले. होडी आडवी झाली, दोनदा पाणी आत आले. बापलेकांनी वल्ही मारत कसाबसा किनारा गाठला. अल्हम्दुलिल्लाह, दोघे सुखरूप आले. 2009 च्या 11 नोव्हेंबरचे फयान वादळ ज्या घरांनी पाहिले आहे, त्यांना अशा सकाळी घरातल्या बायकांची काय अवस्था होते हे सांगावे लागत नाही.

संध्याकाळी भाऊ आमच्याकडे आले ते तावातावाने. "भाई, आता मी सगळ्यात लांब शाफ्टचे इंजिन घेणार. पंखा पाण्याच्या वर येताच कामा नये."

आम्ही म्हटले, "थांब. एकदा न मोजता घेतलेस. आता दुसऱ्यांदा न मोजता घेऊ नकोस."

मोजायचे काय?

आउटबोर्ड इंजिने बहुतेक तीन लांबींत मिळतात. आखूड म्हणजे 15 इंच, लांब म्हणजे 20 इंच आणि अतिलांब म्हणजे 25 इंच. सेंटिमीटरमध्ये सुमारे 38, 51 आणि 63. बऱ्याच कंपन्या मॉडेलच्या नावातच 'एस', 'एल' किंवा 'एक्स' असे अक्षर देतात. हे आकडे हॉर्सपॉवरचे नाहीत. एकाच ताकदीचे इंजिन आखूडही मिळते आणि लांबही. लांब शाफ्ट म्हणजे जास्त जोर, हा समज चुकीचा आहे.

होडी मोजायची ती अशी. मागच्या फळीवर जिथे इंजिनाचा शिकंजा बसतो, त्या वरच्या कडेच्या मध्यापासून टेप धरा आणि फळीच्या उतारानेच खाली होडीच्या तळापर्यंत आणा. माप 15 इंचांच्या आसपास आले तर आखूड शाफ्ट, 20 च्या आसपास आले तर लांब, 25 आले तर अतिलांब.

इंजिन मोजताना शिकंजा फळीच्या कडेवर जिथे टेकतो तिथून सुरुवात करा आणि पंख्याच्या लगेच वर जी आडवी, सपाट पत्री असते तिथपर्यंत मोजा. ही पत्री हाच सगळ्या हिशेबाचा पाया आहे. इंजिन सरळ बसवल्यावर ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली इंचभर असावी. पंख्याला वरून हवा ओढू न देणे हे तिचे काम.

भावाने विचारले, "माल भरल्यावर होडी खाली बसते, मग माप बदलणार नाही का?" चांगला प्रश्न होता. होडी बसली की तिच्याबरोबर इंजिनही खाली जाते. तळ आणि पत्री यांचे एकमेकांतले अंतर तेच राहते. म्हणून माप पाण्यापासून घ्यायचे नाही, फळीपासून घ्यायचे.

आखूड पडला तर

20 इंची फळीला 15 इंची इंजिन लावले की पत्री तळाच्या पाच इंच वर राहते. पंख्यासमोर होडीचेच अंग येते, त्याला स्वच्छ पाणी मिळत नाही. तो पाण्याऐवजी हवा घुसळतो. इंजिनाचे फेरे वाढतात, होडी पुढे जात नाही, इंधन मात्र जळते. याहून मोठा धोका थंडाव्याचा. आउटबोर्ड इंजिन खालून समुद्राचेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. त्याच्या पंपात एक रबरी चक्र असते. पाणी मिळाले नाही तर ते कोरडे फिरून थोड्याच वेळात जळते. चालू इंजिनाच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडत असते, तिच्याकडे कायम लक्ष हवे. धार थांबली की इंजिन बंद करायचे. भावाच्या इंजिनाचे हेच चक्र गेले होते.

काही जण यावर उपाय म्हणून फळीच कापून खाली घेतात. तसे करू नये. फळीची उंची मागून येणारी लाट अडवण्यासाठी असते.

लांब पडला तर

मग सरळ सर्वांत लांब का घेऊ नये? कारण त्याचीही किंमत मोजावी लागते. 20 इंची फळीला 25 इंची इंजिन लावले तर पंखा पाच इंच विनाकारण खोल जातो. पाण्याचा अडथळा वाढतो, वेग कमी होतो, पाणी उसळून अंगावर येते आणि फळीवर ताण पडतो. त्यातून आपल्या खाड्या उथळ. उधाणाच्या दिवशी भरती आणि सुकती यांत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. सुकतीला पत्रीखालचा पंखा आणि त्याखालचे पाते मिळून आधीच वीत-दीड वीत खोल असतात. त्यात आणखी पाच इंच म्हणजे पंखा वाळूत, नाहीतर कालवांच्या खडकावर.

ज्यांची होडी खाडीतच फिरते, तिसऱ्या-खेकड्यांवर ज्यांचे घर चालते आणि ज्यांच्या होडीची फळी बुटकी आहे, त्यांना आखूड शाफ्टच योग्य. त्यात कमीपणा काही नाही. बुटक्या फळीला लांब इंजिन आधीच घेतले असेल तर मिस्त्रीकडून फळीवर मजबूत लाकडी ठोकळा बसवून इंजिन वर उचलता येते. उथळ पाण्यात इंजिन थोडे तिरके करून हळू जाण्याची सोयही बऱ्याच इंजिनांत असते. मात्र तेव्हाही पाण्याची धार पडते आहे ना, हे पाहावे.

थोडक्यात, आधी फळी, मग पाणी. लांबी फळी ठरवते. मापात एखाद्या इंचाचा फरक असेल तर आपण कुठे जातो ते पाहावे. तोंडाबाहेर लाटेत जाणाऱ्याने इंचभर खोल ठेवावे, उथळ खाडीत राहणाऱ्याने इंचभर वर.

आमच्या घरी काय ठरले

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आम्ही धक्क्यावर गेलो. माप पुतण्याने घेतले. साडेवीस इंच. म्हणजे हवे होते 20 इंची, 25 इंची नव्हे. भाऊ काही वेळ बोललेच नाहीत. एका टेपच्या मापाने पाटल्या वाचल्या असत्या.

जुने इंजिन नवे रबरी चक्र घालून सुरू झाले. आता ते विकायचे होते. खाडीतच होडी चालवणारे एक गृहस्थ घ्यायला तयार झाले. त्यांची फळी 15 इंचांची, इंजिन त्यांना अगदी नेमके. भाऊ म्हणाले, "तापले होते हे सांगितले तर पैसे कमी देतील."

भावजय आतून म्हणाली, "भाई, तुम्हीच सांगा यांना. आपल्याला कोणी सांगितले नाही म्हणून माझा मुलगा त्या लाटेत अडकला. आता आपणही नाही सांगायचे?"

आम्हाला काही बोलावे लागले नाही. ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते, हे भावालाही ठाऊक होते. त्यांनी सगळे सांगितले. त्या गृहस्थांनी किंमत थोडी कमी केली, पण इंजिन घेतले. उरलेल्या रकमेसाठी मोठ्या बहिणीने हात दिला, मोसम संपेपर्यंत परत करायच्या बोलीवर, व्याजाविना.

यंदा ज्यांच्या घरात इंजिन घ्यायचे ठरत असेल, त्यांनी आधी घरात मशवरा करावा. ज्या बाईचे दागिने त्यात जाणार आहेत तिला आणि ज्या मुलाला त्या होडीत बसायचे आहे त्यालाही विचारावे. मग टेप घेऊन धक्क्यावर जावे, माप कागदावर लिहून खिशात ठेवावे आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढावी. सेकंडहँड इंजिन घेताना ते पाण्यात चालवून पाहावे, धार तपासावी आणि पावती घेऊन जपून ठेवावी. समुद्रातून आल्यावर इंजिनातून गोडे पाणी फिरवावे, मिठाने ते आतून सडत नाही.

पुतण्या आता बारावीला आहे. सुट्टीच्या दिवशी बापाबरोबर जातो. टेप त्याने होडीतच ठेवली आहे. धक्क्यावर कोणी इंजिनाची गोष्ट काढली की तो विचारतो, "चाचा, फळी किती इंच?"

इन्शाअल्लाह, हा प्रश्न प्रत्येक धक्क्यावर विचारला जाईल.