एकदा विकत घेतलेला परवाना पुन्हा का विकत घ्यायचा?

संगणक मंद झाला, व्हायरस शिरला, की आपल्याकडे एकच उपाय सांगितला जातो: फॉरमॅट मारा. दुकानदार संगणक ठेवून घेतो, हार्डडिस्क कोरी करतो, नव्याने विंडोज टाकतो आणि मजुरी घेऊन परत देतो. काही दिवसांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा, असा पुसट मजकूर दिसू लागतो. ग्राहक विचारायला गेला तर त्याच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या जातात. नवा परवाना विकत घ्या, नाहीतर ‘क्रॅक’ टाकून देतो. तिसरीही वाट असते, आणि अनेकदा तीच कायदेशीर व बिनखर्चाची असते, हे मात्र कोणी सांगत नाही. ज्याला आपला हक्क माहीत नाही त्याला त्याचाच हक्क दुसऱ्यांदा विकता येतो, हे यामागचे साधे गणित आहे.

मुळात विंडोज आपण विकत घेतो म्हणजे काय घेतो? करार वाचला तर स्पष्ट दिसते की कंपनी प्रणाली विकत नाही, वापरण्याचा परवाना देते. अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे त्या परवान्याची पडताळणी. ज्याने परवान्याचे पैसे भरले आहेत त्याचा हक्क हार्डडिस्क पुसल्याने पुसला जात नाही. प्रश्न असतो तो फक्त पुराव्याचा. हा पुरावा कोठे असतो, हे वेळोवेळी बदलत गेले आणि सामान्य ग्राहक तेथेच फसत गेला.

२००९ साली विंडोज ७ आले तेव्हा जुने विंडोज असणाऱ्यांसाठी कमी किमतीची अपग्रेड आवृत्ती निघाली. जुनी प्रणाली आधी असली पाहिजे, ही तिची अट. आता कोऱ्या हार्डडिस्कवर ही आवृत्ती टाकली की ती बसत असे, पण अ‍ॅक्टिव्हेशनच्या वेळी किल्ली नाकारली जाई. कारण जुन्या प्रणालीचा पुरावा हार्डडिस्कबरोबरच पुसलेला असे. जुने विंडोजही पैसे मोजून घेतलेले, नवेही पैसे मोजून घेतलेले, तरी मालक दारात उभा! आधी जुने टाका, मग त्यावर नवे चढवा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे.

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आले. विंडोज ७ व ८.१ चा अस्सल परवाना असणाऱ्यांना ते एक वर्ष मोफत देऊ केले गेले. या वेळी पुरावा ठेवण्याची जागा बदलली. जुन्या प्रणालीवरून एकदा अपग्रेड केले की त्या यंत्राची, मुख्यतः त्याच्या मदरबोर्डची, ओळख कंपनीच्या सर्व्हरवर नोंदली जाई. यालाच पुढे डिजिटल परवाना म्हटले गेले. ही नोंद झाल्यावर हार्डडिस्क कितीही वेळा कोरी करा, परवाना टिकतो. नोव्हेंबर २०१५ च्या सुधारणेपासून जुन्या किल्ल्या थेट विंडोज १० मध्येही चालू लागल्या. मोफत योजना २०१६ मध्ये संपली असे जाहीर झाले, तरी या किल्ल्या पुढे अनेक वर्षे चालत राहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मात्र कंपनीने हा मार्ग बंद झाल्याचे जाहीर केले. ज्यांनी वेळेत अपग्रेड केले त्यांची नोंद कायम राहिली. ज्यांनी संगणकावरचा किल्लीचा स्टिकर तेवढा जपला, त्यांच्या हाती तो स्टिकरच उरला.

म्हणूनच फॉरमॅटला संगणक देण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः पाहून घेतल्या पाहिजेत. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन हे पान उघडावे. तेथे डिजिटल परवान्याने अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचे लिहिलेले असेल तर त्याचा फोटो काढून ठेवावा. आवृत्ती होम आहे की प्रो, हे लिहून ठेवावे. नव्याने टाकताना किल्ली मागितली तर माझ्याकडे किल्ली नाही, हा पर्याय निवडावा आणि पूर्वीचीच आवृत्ती घ्यावी. नंतर इंटरनेट जोडले की अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होते. होमच्या जागी प्रो टाकले तर परवाना जुळत नाही, आणि दुकानात नेमकी हीच चूक होते. विंडोज ८ पासून कंपनीकडून विंडोजसह आलेल्या बहुतेक यंत्रांत तर किल्ली मदरबोर्डवरच साठवलेली असते.

मदरबोर्ड बदलला तर मात्र गोष्ट वेगळी. यंत्राबरोबर आलेला परवाना त्या यंत्रापुरताच असतो. सुटा विकत घेतलेला परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. हा डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी आधीच जोडून ठेवला असेल तर हार्डवेअर बदलल्यावर ट्रबलशूटरमधून तो परत मिळवण्याची सोय आहे. ही जोडणी आजच करून ठेवावी. मदरबोर्ड जळाल्यानंतर ती करता येत नाही.

आता ‘क्रॅक’विषयी. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी त्याची शिक्षा आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कारावास न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. झेरॉक्सचे दुकान, टायपिंगचे केंद्र, वकिलाचे कार्यालय यांना ही सवलत सांगता येणार नाही. शिवाय क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. कुलूप काढून चोराला आत बोलावण्याचाच हा प्रकार! ज्याच्याकडे वैध परवाना आहे त्याला अशा रीतीने गुन्हेगार बनवले जाते, हा खरा अन्याय आहे.

पैसे घेऊन अस्सल म्हणून बनावट प्रणाली टाकून दिली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. पण त्यासाठी पावती हवी. पावती मागताना संकोच कशाला? आपण पैसे मोजतो, उपकार घेत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज १० चा डिजिटल परवाना विंडोज ११ ला चालतो, पण त्यासाठी यंत्रात टीपीएम २.० असावे लागते आणि अनेक जुन्या यंत्रांत ते नाही. अशा यंत्रांसाठी लिनक्सचा मार्ग खुला आहे. तेथे किल्ली नाही, अ‍ॅक्टिव्हेशन नाही, कोणाच्या सर्व्हरची परवानगीही नाही. अभ्यासिका व वाचनालये चालवणाऱ्यांनी त्याचा गंभीरपणे विचार केला पाहिजे.

कंपनी नियम बदलते, दुकानदार आपली सोय पाहतो. आपला परवाना कोणता, त्याची नोंद कोठे आहे, हे माहीत असणे ही आपली जबाबदारी आहे. यापुढे फॉरमॅट मारा, असे कोणी म्हटले की आधी अ‍ॅक्टिव्हेशनचे पान उघडा, आणि मगच संगणक दुकानदाराच्या हाती द्या.