ॲपवरची शाळा आणि तेथील नोकरी

मुलगा शिकून बाहेर पडला म्हणजे शाळा, बँक, सरकारी कचेरी किंवा पुण्या-मुंबईकडची कंपनी, अशा चार वाटा बेळगावच्या मराठी कुटुंबांस पूर्वीपासून ठाऊक आहेत. गेल्या दहा वर्षांत त्यांत एक नवी वाट निघाली आहे. बंगळूर किंवा पुणे येथील 'एडटेक' कंपनीत नोकरी लागल्याचे पेढे वाटले जातात, आणि चार दिवसांनी घरातील वडीलधारे हळूच विचारतात, "पण तो तिथे करतो काय? मास्तर आहे की विक्रेता?" प्रश्न मार्मिक आहे. शिष्यवृत्ती घेऊन शिकलेली आपली मुले या धंद्यात जात असल्यामुळे त्याचे उत्तर या स्मरणिकेत देणे आम्हांस योग्य वाटते.

एडटेक म्हणजे संगणक व मोबाईल यांच्या साहाय्याने शिकविण्याचा व्यवसाय. मोबाईलवर ॲप उतरवून घ्यावयाचे, त्यातील व्हिडिओ पाहावयाचे, ठरल्या वेळी पडद्यावर वर्गास बसावयाचे व सराव-परीक्षा द्यावयाच्या, असे त्याचे साधारण रूप. नव्याने निघालेल्या अशा कंपनीस स्टार्टअप म्हणतात. आपल्या पेठेतील दुकानदार नोकरांचा पगार गल्ल्यातून देतो. स्टार्टअप मात्र बहुधा पहिली कित्येक वर्षे तोट्यात चालते, आणि पगार गुंतवणूकदारांच्या पैशातून होतात. पुढचा हप्ता हवा असेल तर गिऱ्हाईक झपाट्याने वाढत आहे असे त्यांस वारंवार दाखवावे लागते. या नोकरीतील बहुतेक सुखदुःखांचे मूळ येथे आहे.

पाठ तयार करणाऱ्या विभागास 'कन्टेन्ट' म्हणतात. आमच्या मते सर्वांत समाधानाचे काम हेच. सहा-सात मिनिटांच्या एका व्हिडिओसाठी एकाने संहिता लिहावयाची, दुसऱ्याने तपासावयाची, तिसऱ्याने चित्रे काढावयाची, चौथ्याने आवाज द्यावयाचा, आणि पुन्हा सारे तपासावयाचे. वर्गातील मास्तर मुलांचे चेहरे पाहून उदाहरण बदलतो. येथे समोर चेहराच नसतो. म्हणून मूल कोठे अडखळेल हे आधी ओळखावे लागते. अर्धा अधिक एक तृतीयांश याचे उत्तर पुष्कळ मुले दोन पंचमांश असे लिहितात, कारण ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवितात. चांगला प्रश्नकार चार पर्यायांत २/५ मुद्दाम ठेवतो. ते उत्तर निवडणाऱ्या मुलाची गफलत कोणती हे यंत्रास तत्काळ कळते, आणि पुढचा पाठ त्याप्रमाणे दाखविता येतो. एवढ्या एका पर्यायावर दोघे जाणते पदवीधर अर्धा दिवस वाद घालतात, आणि तो वेळ वाया गेला असे कोणी म्हणू नये.

मराठीच्या बाबतीत तर सीमाभागातील मुलामुलींचा विशेष उपयोग होतो. 'मराठी माध्यम' म्हणजे महाराष्ट्राचा अभ्यासक्रम, असे कंपनीतील मंडळी धरून चालतात. आपल्याकडील मराठी शाळांतून कर्नाटक सरकारची मराठी पुस्तके चालतात. त्यांतील पाठांचा क्रम वेगळा. हे सांगणारा कोणी त्या खोलीत नसेल, तर खानापूरच्या मुलाने पैसे भरून घेतलेला अभ्यासक्रम त्याच्या परीक्षेस जुळत नाही. खुद्द महाराष्ट्रातही सारे सरळ नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन आले आणि मोठा वाद माजला. व्हिडिओला आवाज देणाऱ्याने 'बावीस' म्हणावे की 'वीस दोन', हाही मग त्या खोलीतला प्रश्न होतो!

संगणक-विभागाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथील काम इतर सॉफ्टवेअर कंपन्यांसारखेच असते. किती जणांनी ॲप उघडले, किती जण दुसऱ्या दिवशी परत आले, व्हिडिओ कोठे बंद केला, याची मोजणी तेथे अष्टौप्रहर चालते. मूल शिकले किती, हे मोजणे त्याहून अवघड. म्हणून ते मागे पडते. हार्वर्ड व एमआयटी यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची जी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तीत २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्केच शेवटपर्यंत पोहोचल्याचे दिसले.

आता विक्री. नव्या पदवीधरांस पुष्कळदा याच विभागात घेतात, आणि हुद्दा मात्र 'सल्लागार' किंवा 'असोसिएट' असा भारदस्त असतो. सकाळी पालकांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी हाती येते. दिवसभर फोन करावयाचे, मुलाची फुकट चाचणी घ्यावयाची, मग तिच्यातील उणिवा आईवडिलांस दाखवून वर्षा-दोन वर्षांचा अभ्यासक्रम विकावयाचा. रक्कम मोठी असल्यास हप्त्यांची सोय असते. ते हप्ते म्हणजे पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्जच असते, हे पालकांच्या ध्यानात नंतर येते. महिन्याचे 'टार्गेट' गाठले नाही तर नोकरी धोक्यात, म्हणून रविवारचीही सुट्टी नाही. ज्या घरास ही फी झेपणार नाही असे स्वच्छ दिसते, तेथेही गळ घालावी काय, हा प्रश्न बाविसाव्या वर्षी एकट्याने सोडवावा लागतो. काही जण तो न सोडविता राजीनामा देऊन घरी येतात. त्यांस घरच्यांनी नालायक ठरवू नये. तक्रारी इतक्या वाढल्या की डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांस सावधगिरीची सूचना दिली. तीत खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याच्या सोयीचा स्पष्ट उल्लेख होता.

या धंद्याचा चढउतार बायजूज या बंगळूरच्या कंपनीत जितका दिसला तितका कोठेच नाही. २०११ साली कंपनी निघाली, २०१५ साली ॲप आले, २०१९ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर तिचे नाव झळकू लागले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या आणि साऱ्या एडटेक कंपन्यांकडे पैशाचा पूर लोटला. २०२२ साली बायजूजची किंमत २२ अब्ज डॉलर मानली गेली. शाळा पुन्हा उघडल्या आणि ओहोटी लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपनीने सुमारे २,५०० लोकांस कमी करण्याचे जाहीर केले, आणि जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्या थकबाकीवरून तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. उलट बाजूही आहे. अलाहाबादच्या अलख पांडे यांनी यूट्यूबवर फुकट शिकविण्यापासून आरंभ केलेली फिजिक्सवाला ही कंपनी कमी फी ठेवून वाढली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. तेव्हा धंदाच खोटा असे आम्ही म्हणणार नाही.

नोकरीचे पत्र हाती आल्यावर काही गोष्टी आधी विचाराव्यात. काम कोणत्या विभागात? विक्रीत असेल तर ठरीव पगार किती आणि टार्गेटवर अवलंबून किती? पत्रातील मोठ्या आकड्यात 'ईसॉप' धरले आहेत काय? ईसॉप म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने कंपनीचे समभाग घेण्याचा हक्क. तो बहुधा चार वर्षांत थोडाथोडा पदरी पडतो, आणि पहिल्या वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास काहीच मिळत नाही. समभाग विकत घेणारा कोणी नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो, म्हणून घरभाडे व भावंडांची फी यांचा हिशेब बँकेत जमा होणाऱ्या रकमेवरच करावा. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक स्वतःच्या मोबाईलवर पाहता येते. पगारातून कापलेली रक्कम तेथे जमा होते की नाही हे दर महिन्यास पाहावे, आणि दोन महिने ती दिसली नाही तर दुसरी नोकरी शोधावयास लागावे.