पेढीवरील अनेक पडदे आणि अडखळते चित्र

गादी, तक्क्या आणि रोजमेळ एवढ्यावर पूर्वी पेढी चाले. आज पांढुर्ण्यास काय किंवा सौंसरास काय, त्याच गादीसमोर एका गणकयंत्रास जोडलेले दोन, क्वचित तीन पडदे उभे असतात. एकावर हिशेब, दुसऱ्यावर वखारीचे व धरमकाट्याचे कॅमेरे, तिसऱ्यावर बागेतून आलेले संत्र्यांचे चित्रीकरण. पडदे वाढले आणि चित्र अडखळू लागले, ही तक्रार आमच्या कानी वारंवार येते. आंबिया बहाराच्या ऐन गर्दीत फळाचा डाग दिसावयाचा त्याच क्षणी चित्र उडी मारते, आणि मग कोणीतरी नवे यंत्र घेण्याचा सल्ला देतो. तो मानण्यापूर्वी व्यापारी बंधूंनी थोडी पारख स्वतः करावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम जास्तीचे पडदे काढून एकाच पडद्यावर तेच चित्र लावून पाहावे. ते सुरळीत चालले तर दोष जोडणीत आहे. एका पडद्यावरही अडखळले तर ते चित्र यंत्रात उतरवून घेऊन पुन्हा लावावे. तेव्हा नीट चालले, तर दोष इंटरनेटच्या वेगाचा होय. नव्या यंत्राने तो जाणार नाही.

जोडणीत सर्वाधिक आढळणारी चूक अगदी साधी आहे. ज्या यंत्रात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असते, त्याच्या पाठीमागे पडद्याची वायर खोचण्याच्या दोन जागा असतात: वरच्या बाजूस मदरबोर्डची, खाली कार्डाची. एक पडदा वर व दुसरा खाली जोडला की चित्रांची ने-आण दोन ठिकाणी होते. दोन्ही वायरी कार्डासच लावाव्यात. मोठा फोर-के दूरचित्रवाणी संच दुसरा पडदा म्हणून लावला असल्यास जुनी एचडीएमआय १.४ जोडणी त्यास सेकंदाला ३० चित्रांपलीकडे नेऊ शकत नाही. बाणसुद्धा ओढल्यासारखा सरकतो. एचडीएमआय २.० मध्ये ही मर्यादा ६० आहे, मात्र यंत्र, वायर व संच हे तिन्ही त्या तोडीचे हवेत. यूएसबीमधून पडदा जोडणारी डबी तर बहुधा मुख्य प्रोसेसरकडूनच काम करून घेते. तिच्यावर पत्रव्यवहार पाहावा, कॅमेरे नव्हेत.

आता थोडे गणित, कारण खरी गंमत येथेच आहे. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५० असल्यामुळे भारतीय दूरचित्रवाणीने २५ चित्रांचे मान घेतले, आणि कॅमेरेही पुष्कळदा त्याच मानावर बसवलेले असतात. गणकयंत्राचा पडदा मात्र सहसा ६० वेळा ताजा होतो. साठास पंचविसाने भाग पूर्ण जात नाही. म्हणून एक चित्र दोनदा, दुसरे तीनदा असे विषम दिसते आणि धरमकाट्यावरचा ट्रक हिसके देत पुढे येतो. पडदा ७५ चे मान घेत असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ते निवडावे. तेव्हा प्रत्येक चित्र बरोबर तीनदा येईल. सर्व पडद्यांचे मान एकच ठेवणे उत्तम, कारण भिन्न मानांचा मेळ घालताना विंडोजही कधी कधी गोंधळते.

यानंतर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूचा ‘व्हिडिओ डीकोड’ हा आलेख पाहावा. चित्र चालू असताना तो शून्यावर आणि प्रोसेसर शंभराजवळ असेल, तर सारा भार चुकीच्या खांद्यावर आहे. ब्राउझरमधील हार्डवेअर अॅक्सलरेशन सुरू करावे व ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घालावा. यंत्र जुने असून चित्र एच.२६५ किंवा एव्ही१ पद्धतीचे असेल तर ते उलगडण्याची सोय त्यात नसणेही शक्य आहे. आठ-आठ कॅमेरे एकत्र पाहताना रेकॉर्डरची हलकी ‘सब-स्ट्रीम’ निवडावी. मूळ ध्वनिचित्रमुद्रण त्यामुळे बिघडत नाही. पडद्यावर हिसके दिसले म्हणजे नोंदही तुटकच झाली, असे समजून घाबरू नये. ती रेकॉर्डरच्या स्वतःच्या पडद्यावर एकदा लावून पाहावी.

स्वतंत्र कार्ड नसलेल्या यंत्रात मुख्य स्मृतीतूनच चित्रांचे काम होते. तेथे रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीची दुसरी घालावी. सकाळी सुरळीत चालणारे चित्र वैशाखाच्या दुपारी अडखळत असेल, तर मात्र आधी पंख्यावरील कापसाची धूळ झाडावी; तापलेले यंत्र आपला वेग आपणच कमी करते.