करेऱ्याची सोनचिरैया आणि चराईचा हिशेब

शिंदेशाहीचा इतिहास लिहिताना आपण किल्ला, जयविलास, फौज एवढ्यावरच थांबतो. पण त्या फौजेचे घोडे आणि बैल खात काय होते? गवत. त्या गवताळ रानांबद्दल आपण मराठी मंडळी क्वचितच बोलतो, म्हणून हा छोटा टिपणवजा लेख.

शिवपुरी ही संस्थानची उन्हाळी राजधानी. तिथलं शिकारीचं जंगल पुढे माधव राष्ट्रीय उद्यान झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. तिथून झाशीच्या वाटेवर करेरा लागतं. तिथे जंगल नाही, उघडा माळ आहे, मधूनमधून शेतं. या माळावरचा पक्षी म्हणजे माळढोक. इकडे त्याला सोनचिरैया म्हणतात. त्याच्यासाठी 1981 साली सुमारे 202 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. जमीन बरीचशी शेतकऱ्यांची आणि महसूल खात्याची, गावं आहेत तिथेच राहिली.

सुरुवात चांगली झाली. पक्षी टिकला, गावकऱ्यांनाही कौतुक होतं. मग संरक्षणामुळे काळवीट वाढले आणि उभ्या पिकात घुसायला लागले. त्यात वन्यजीव कायद्याची (1972) मेख: कलम 18 ची अधिसूचना निघाली की कलम 20 नुसार त्या जमिनीत वारसाहक्काशिवाय नवा हक्क निर्माण होत नाही. म्हणजे मुलीच्या लग्नासाठी दोन बिघे विकायचे म्हटले तरी व्यवहार अडला. आता सांगा, त्या माणसाला पक्षी प्रिय कसा वाटणार? 1990 च्या दशकाच्या मध्यानंतर सोनचिरैया तिथे दिसेनाशी झाली. जमिनीवरची बंधनं मात्र पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली. पक्षी नव्हता, पण अभयारण्य होतं!

दोष गुरांचा होता का? मी मूळचा इंजिनियर, त्यामुळे आधी यंत्रणा कशी चालते ते बघतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्या दिवसांत कळप फिरला तर खुराखाली अंडं जाणारच. पण चराई कायमची बंद केली तर गवत माजतं, झुडपं शिरतात, आणि लांबवर नजर ठेवून जगणाऱ्या या पक्ष्याला तेही सोयीचं नसतं. उलट अति चराईत पवन्या-मारवेलसारखं चांगलं गवत हटून कुसळी पसरते. तेव्हा किती गुरं हा प्रश्न आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न कधी चारायची हा आहे. पावसाळ्यात बी धरेपर्यंत रान बंद, दसऱ्याच्या सुमारास कापणी, मग गुरं मोकळी. राखीव कुरणांची ही जुनी रीत. सौराष्ट्रातल्या विडी अशाच राखल्या जात.

बुंदेलखंडाच्या या कडेला ‘अन्ना प्रथा’ होती: रब्बी निघाली की उन्हाळ्यात गुरं मोकळी सोडायची, खरीप पेरलं की परत दावणीला किंवा गुराख्याच्या हवाली. ट्रॅक्टर आला, बैलांची गरज संपली, आणि आता भाकड गुरं बारा महिने मोकाट. शेतकरी रात्र रात्र राखण करतो. काळविटांची तक्रार आणि मोकाट गुरांची तक्रार एकाच बांधावरची आहे.

कायद्यात वाट नव्हती असंही नाही. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला मनाई आहे, पण अभयारण्यात कलम 33 खाली मुख्य वन्यजीव संरक्षक चराईचं नियमन करू शकतो. बंदीच हवी असं नाही. शिवाय करेऱ्यापासून जवळच, झाशीला, गवत आणि चाऱ्यावर काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था 1962 पासून आहे! गावांशी बसून ठिकाण आणि महिने ठरवणं अशक्य नव्हतं. माळाला महसुली भाषेत ‘पडीत’ म्हणायची सवय मात्र जड पडली. पडीत म्हटलं की तिथे झाडं लावा, खाण काढा, काहीही करा.

नरवर-करेरा भागातले चराईचे परवाने, गवत कापणीचे लिलाव, राखणदारांच्या नेमणुका असे मोडीतले किंवा हिंदीतले कागद कुणाच्या घरच्या दप्तरात असतील, तर त्यांची नक्कल मंडळाला जरूर द्यावी. मोडी वाचायला मी बसेन.